कारवारचा नारिंगी स्पंज

सोळा वर्षं मी हुबळीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत होते, आणि तरी माझ्या सख्ख्या भावाच्या दंडात थेंबथेंब जाणारं औषध मूळ कुठून आलं हे मला माहीत नव्हतं. ते मला वॉर्डच्या दारात उभ्याउभ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या एवढ्याशा बोलण्यानं माझी पुढची चार वर्षं बदलून गेली.

भाऊ म्हणजे आमचा अण्णा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. धारवाडजवळ बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. तयार नग हातात घ्यायचा, गेज लावायचा आणि केसभर फरक असला तरी बाजूला काढायचा, हे त्याचं काम. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर निळे डाग उठले, जिना चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं आणि दोन दिवसांत तो हुबळीला कॅन्सरच्या वॉर्डात होता. रक्ताचा कॅन्सर, तोही झपाट्यानं वाढणारा. उपचार लगेच सुरू झाले. त्यातलं एक औषध सात दिवस अखंड सलाइनमधून द्यायचं होतं.

मी हुबळीतच नवनगरला राहते, त्यामुळे दिवसा त्याच्याजवळ बसायचं माझ्याकडे आलं. वहिनी संध्याकाळी यायच्या. करण्यासारखं काही नसायचं, म्हणून चौथ्या दिवशी मी सलाइनच्या बाटलीवरचं औषधाचं नाव वाचलं, मोबाइलवर त्याची रचना काढली आणि चमकले. आपल्या पेशींत डीएनए ज्या तुकड्यांनी बनतो, त्यांतल्याच एकासारखा हा रेणू दिसत होता. फक्त त्याच्या साखरेवर एक लहानसा गट भलत्याच बाजूला तोंड करून बसला होता. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, की अशी उलटी साखर जोडायचं डोकं कुणाचं. त्यांनी सांगितलं, समुद्रातल्या एका स्पंजाचं. गेल्या शतकाच्या मध्यावर दूरच्या एका उबदार समुद्रातल्या स्पंजात असल्या साखरेचे रेणू सापडले होते, ते बघून रसायनशास्त्रज्ञांनी हे औषध तयार केलं. आता ते कारखान्यात बनतं, नमुना मात्र स्पंजाचा.

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या आणि मी तशीच उभी राहिले. स्पंज म्हणजे माझ्या लेखी प्राणिशास्त्राच्या पुस्तकातलं एक कंटाळवाणं चित्र होतं. ना डोकं, ना हातपाय, ना रक्त. खडकाला चिकटून पाणी गाळत बसणारा जीव. आणि त्याच्या अंगातल्या कल्पनेवर माझा भाऊ जगायची धडपड करत होता. मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. अण्णा डोळे मिटून पडला होता, तरी मी त्यालाच सांगायला लागले. कॅन्सरची पेशी भराभर दोन होते, दोन होताना डीएनएची नक्कल करते, त्या घाईत हा खोटा तुकडा खरा समजून बसवते, आणि तिथंच तिची साखळी अडते.

अण्णानं डोळे उघडले. तोंड आलं होतं, बोलताना त्रास व्हायचा, तरी म्हणाला, "म्हणजे इन्स्पेक्शनमधून सुटलेला पार्ट."

"अगदी तसंच."

"गेजमधनं पास होतो, पण मशीन बंद पाडतो." त्यानं सलाइनच्या बाटलीकडे बघितलं. "आणि हे त्या स्पंजाला कुणी शिकवलं?"

दोन महिन्यांत त्याच प्रश्नाला धरून मी धारवाडच्या विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घातलं. पहिल्या फेरीनंतर अण्णाच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या होत्या. तो आणखी फेऱ्यांसाठी येत-जात होता, आणि मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाले होते.

माझ्या गाइड प्राणिशास्त्राच्या बाई होत्या, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या; मी त्यांना मॅडम म्हणायची. मूळच्या कुमट्याच्या, समुद्राकाठच्या. कन्नड बोलायच्या, मराठी समजायचं. आमचं बोलणं दोन्ही भाषांतून मिळून चालायचं आणि दोघींनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला पुस्तकं दिली नाहीत. त्यांनी विचारलं, की वास सहन होतो का. मी शाकाहारी घरातली, मासळीबाजाराच्या बाजूनं जाताना पदर नाकाला लावणारी. सहन होतो, मी म्हणाले. "नोडोणरी," म्हणाल्या, म्हणजे बघू या.

परवानग्यांची पत्रं यायला बराच काळ गेला. काही स्पंजांना कायद्याचं संरक्षण आहे, ते हातात घ्यायचेच नाहीत, हे मॅडमनी मला चित्रं दाखवून पाठ करायला लावलं. आम्ही बुडी मारून काही तोडणार नव्हतो. मासेमारांच्या जाळ्यात दगड-शेवाळाबरोबर जे अडकून येतं आणि किनाऱ्यावर टाकून दिलं जातं, त्यातलंच उचलणार होतो. पुढच्या जानेवारीत एका पहाटे आम्ही दोघी थर्माकोलचे डबे आणि बर्फ घेऊन कारवारच्या बसमध्ये बसलो. यल्लापूरचा घाट उतरून आम्ही किनाऱ्यावर आलो.

बंदरावर एक मासळीवाली बाई जाळ्यातला कचरा वेगळा करत बसली होती. साठीची असेल. मॅडम तिच्याशी कोकणीत बोलायला लागल्या आणि मी नुसती बघत राहिले. आम्हाला कचराच हवाय हे कळल्यावर तिला हसू आवरेना. मग तिनं पायानंच एक ढीग आमच्याकडे सारला. त्यात तपकिरी, राखाडी, हिरवट गोळे होते, आणि एक नारिंगी होता, पिकलेल्या पपईच्या रंगाचा, बोटांसारखे फाटे फुटलेला. मी हात घातला तशी ती एकदम ओरडली, की त्याला नुसत्या हातानं धरू नको, दिवसभर खाजत बसशील.

मॅडमनी तिला विचारलं, हा नेहमी मिळतो का. ती म्हणाली, खोल पाण्यात जाळं टाकलं की मिळतो. आणि मग तिनं जे सांगितलं ते मी बसच्या तिकिटामागं लिहून घेतलं. बाकीच्या गोळ्यांना खेकडे कुरतडतात, किडे लागतात, पण हा दिवसभर उन्हात पडला तरी त्याला कुणी तोंड लावत नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. मग तो करणार काय?"

"विष बनवणार," मी म्हणाले.

"हौदरी, बरोबर. तुझं सगळं रसायनशास्त्र एवढ्यात आलं."

आम्ही हातमोजे घालून पाच जातींचे तुकडे बर्फात भरले. त्या बाईनं निघताना आम्हाला चहा पाजला, आणि औषध निघालं तर सांगायला या म्हणाली. परतीच्या बसमध्ये डब्यांतून वास यायला लागला तसा कंडक्टर येऊन विचारून गेला, की आत मासळी आहे का. मॅडमनी शांतपणे सांगितलं, नाही, जनावर आहे. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही.

मग सुरू झालं ते बाहेरून बघणाऱ्याला फार नीरस वाटेल असं काम. स्पंजाचे तुकडे करायचे, मिथेनॉलमध्ये भिजत घालायचे, द्रावण गाळायचं, मिथेनॉल उडवून लावायचं आणि तळाशी राहिलेला चिकट अर्क सांभाळायचा. कॉलेजचे तास संपवून मी हुबळी-धारवाडमधली जलद चिगरी बस पकडून धारवाडला जायची आणि अंधार पडायच्या आत परत निघायची. घरी आल्यावर साबणानं तीन वेळा हात धुतले तरी वास जायचा नाही. माझ्या नवऱ्यानं तक्रार केली नाही, पण पोळ्या करायचं काम आपणहून अंगावर घेतलं.

मला मात्र कधी एवढा आनंद झाला नव्हता. सोळा वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेले रेणू फळ्यावर काढत आले होते. आता माझ्यासमोरच्या काचेच्या नळीत, पांढऱ्या भुकटीच्या थरातून, नारिंगी अर्काचे पट्टे वेगवेगळे होऊन खाली उतरत होते. पिवळा, मग गुलाबीसर, मग रंगच नसलेला. प्रत्येक पट्टा वेगळ्या परीक्षानळीत धरायचा. त्या रंगांत काय आहे हे जगात कुणालाच माहीत नसेल, असा विचार आला की मी नळीसमोरचं स्टूल सोडायची नाही.

पाचांपैकी चार जातींच्या अर्कांनी काही केलं नाही. नारिंगीच्या अर्कानं मात्र खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या किड्यांना एका दिवसात मारलं. ही अगदी साधी, पहिली चाळणी. त्यानंतर मॅडमनी खऱ्या परीक्षेची तयारी केली. त्यांच्या प्रयोगशाळेत एका बंद खोलीत, बाटल्यांमध्ये, माणसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या होत्या. दुसऱ्या बाटल्यांत निरोगी पेशी होत्या. बारीक खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत दोन्ही पेरायच्या, प्रत्येक खळग्यात माझ्या एकेका नळीतला थेंब टाकायचा, तीन दिवस उबेत ठेवायचं आणि शेवटी एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो रंग खाऊन जांभळा करतात. मेलेल्या पेशींच्या खळग्यात तो पिवळाच राहतो.

त्या दिवशी मी कॉलेजात रजा टाकली होती. सकाळी अकराच्या सुमाराला मॅडमनी ताटली बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवली. समोरची बाजू सगळी जांभळी. माझं मन खट्टू झालं. मग मॅडमनी ताटली जरा फिरवली, आणि सातव्या नळीची रांग दिसली. कॅन्सरच्या पेशींच्या बाजूला ती सरळ पिवळी होती, एका टोकापासून पार पातळ केलेल्या थेंबापर्यंत. निरोगी पेशींच्या बाजूला पहिले काही खळगे पिवळे होते, पण पुढे जांभळा रंग परत आला होता.

दोघी ताटलीवर वाकलो. मग मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, की हे तीनदा करून बघितल्याशिवाय मी यावर विश्वास ठेवणार नाही, तूही ठेवू नकोस. मी हो म्हणाले. मग आम्ही लगेच दुसऱ्या ताटलीची तयारी करायला लागलो.

आम्ही तीनदा केलं. तिन्ही वेळा रांग पिवळी.

तिसऱ्या वेळी मी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत अक्षरशः पळत गेले आणि तिथून थेट अण्णाचं घर गाठलं. अण्णा तेव्हा घरीच होता, उपचार संपून सात-आठ महिने झाले होते, केस परत आले होते. दर महिन्याला रक्त तपासून यायचं, एवढंच उरलं होतं. मी दारातूनच सांगत सुटले. त्यानं मला पाणी दिलं, खाली बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ताटलीचा फोटो त्यानं मोबाइलवर मोठा करून कितीतरी वेळ बघितला. निरोगी बाजूचे पहिले खळगे पिवळे का, हे त्यानं लगेच विचारलं. मी म्हणाले, जास्त दिलं तर चांगल्या पेशीही मरतात. "म्हणजे अजून रिजेक्टच," म्हणाला, पण हसत होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत. मी निघाले तेव्हा त्या माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या आणि माझा हात धरला. त्यांनी हळू आवाजात जे मागितलं ते मला अपेक्षित असायला हवं होतं. त्या म्हणाल्या, की हे दुखणं परत उलटायला नको. रोज सकाळी उठून मी त्यांच्या हिरड्या बघते. तुमच्याजवळ आहे त्यातला थेंबभर द्या, मी दुधातून देईन, कुणाला कळणार नाही.

मी त्यांना सांगितलं, की ते औषध नाही, विष आहे, त्याचं काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही. खळग्यात पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यांत पंधरा-वीस वर्षांचं काम असतं, आणि बहुतेक रेणू वाटेतच गळून पडतात. त्या ऐकत होत्या, पण हात सोडत नव्हत्या. मग वरून अण्णाचा आवाज आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तपासल्याशिवाय माल बाहेर सोडत नाहीत," तो म्हणाला. "मी पंचवीस वर्षं सोडलेला नाही. सोड तिचा हात."

वहिनींनी हात सोडला आणि तिथंच पायरीवर बसून रडल्या. मीही त्यांच्याशेजारी बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या हातात जे आलंय ते जपून बोलायची गोष्ट आहे.

पण तोपर्यंत उशीर झाला होता. आनंदाच्या भरात मी पिवळ्या रांगेचा फोटो कॉलेजच्या स्टाफच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुणाच्या ओळखीच्या वार्ताहराकडे गेला आणि आठवड्याभरात एका कन्नड वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर बातमी आली, की धारवाडमध्ये समुद्रातून कॅन्सरवर औषध सापडलं. मला कुणी फोन करून विचारलं नव्हतं. मॅडमनी मला बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, की आता लोक येतील, त्यांच्याशी तूच बोलायचं.

पहिला माणूस दोन दिवसांनी आला. मी कॉलेजात तास संपवून बाहेर पडत होते. रायापूरचा, पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. बातमीचं कात्रण त्यानं फाइलच्या वरच ठेवलं होतं. तो कन्नडमध्ये म्हणाला, "अक्कारे, माझ्या बायकोसाठी आलोय. तुम्ही म्हणाल तेवढे दिवस आम्ही थांबू."

थांबू या शब्दानं मी दचकले. त्याला स्टाफरूममध्ये बसवलं आणि फाइल उघडली. बायकोला स्तनाचा कॅन्सर होता, ऑपरेशन झालं होतं, केमोच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या फेरीची तारीख मागच्या आठवड्यातली होती. मी विचारलं, तिसरी झाली का. त्यानं सांगितलं, नाही. तिला उलट्यांचा फार त्रास झाला, अन्न जाईना, म्हणून ती जायला तयारच नव्हती, आणि तेवढ्यात बातमी आली. समुद्रातलं औषध म्हणजे झाडपाल्यासारखं, त्यानं त्रास होणार नाही, असं त्यांनी दोघांनी ठरवलं होतं.

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि जितकं साधं सांगता येईल तितकं सांगितलं. माझ्याजवळ औषध नाही. आहे ते इतकं थोडं आहे की बोटाच्या नखावर मावेल, आणि ते कुणालाही दिलं तर गुन्हा होईल. समुद्रातलं म्हणून ते सौम्य नाही, उलट ज्या स्पंजातून काढलंय त्याला खेकडासुद्धा तोंड लावत नाही. त्यानं कात्रण माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाला, की पेपरात खोटं लिहितील का.

"बातमी चुकीची आहे," मी म्हणाले. "आणि चूक माझी आहे. फोटो मी पाठवला होता."

हे म्हणताना मला लाज वाटली, पण त्यानंतर तो माझं ऐकायला लागला. मी त्याला अण्णाची गोष्ट सांगितली. सात दिवसांची सलाइन, तोंड आलेलं, केस गेलेले, आणि आता तो भाजी आणायला जातो ते. त्या सलाइनमागंही एक स्पंज होता, पण त्या स्पंजापासून वॉर्डापर्यंत यायला कितीतरी लोकांची कितीतरी वर्षं लागली होती. तुमच्या बायकोला जे मिळतंय ते असंच तपासून आलेलं आहे, ते सोडू नका. मग त्याच्यासमोरच मी अण्णाच्या वॉर्डातल्या त्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी यायला सांगितलं, आणि उलट्या थांबवायला आणखी गोळ्या देता येतील असंही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः हॉस्पिटलात गेले. त्याची बायको बाकावर बसली होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, माझ्याच वयाची. तिनं मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, की स्पंज म्हणजे भांडी घासायचा तोच का. मी मोबाइलवर नारिंगी स्पंजाचा फोटो दाखवला. तो कसा पाणी गाळतो, कसा हलत नाही, कसा नुसत्या रसायनावर जगतो, हे सांगताना मी पुन्हा रंगात आले, आणि तीही. तिला आत बोलावलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, तू इथंच थांब, मी एकटी जाते. तिच्या सगळ्या फेऱ्या पुढे नीट पार पडल्या. अजून तिचा अधूनमधून निरोप येतो.

आणखी सहा-सात लोक आले. प्रत्येकाला मी तेच सांगितलं. प्रत्येक वेळी आधी विचारायची, की चालू उपचार सोडलेत का. सुदैवानं दुसऱ्या कुणी सोडले नव्हते.

यात एप्रिल उजाडला. आमची सातवी नळी तोपर्यंत बेंगळूरला गेली होती, रेणूचं वजन अचूक मोजणाऱ्या यंत्राकडे. निकाल ईमेलनं आला तेव्हा मी वर्गात होते. बाहेर येऊन बघते तर मॅडमचा निरोप, ताबडतोब ये. मी चिगरी बसमध्ये उभ्यानं गेले.

त्यांच्या टेबलावर आलेख पसरलेला होता. सर्वांत उंच टोकावर त्यांनी पेन्सिलीनं गोल केला होता. हा रेणू जुना निघाला, त्या म्हणाल्या. दुसऱ्या एका समुद्रातल्या स्पंजात फार पूर्वीच सापडलेला, नाव असलेला, आणि अती विषारी म्हणून बाजूला ठेवलेला. पिवळी रांग बहुतेक यानंच केली. मी खुर्चीत बसले. सव्वा वर्ष, बर्फाचे डबे, मिथेनॉलचा वास, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि शेवटी कुणीतरी आधीच काढून ठेवलेला रेणू.

"रडू नको," मॅडम म्हणाल्या. "इकडे बघ."

उंच टोकाच्या उजवीकडे एक बुटकं टोक होतं. मी ते घाणीचं समजून सोडून दिलं असतं. त्याचं वजन मॅडमनी सकाळपासून सगळ्या याद्यांमध्ये शोधलं होतं. कुठंही जुळत नव्हतं. जुन्या रेणूपेक्षा थोडं जास्त, जसं काही त्याच्याच अंगावर कुणी एक जास्तीचा तुकडा चढवला असावा.

मी उठले. दोघी त्या आलेखावर वाकून बसलो आणि दुपारचं जेवण विसरलो. मॅडमची सून फोन करत होती, त्यांनी तो उलटा ठेवला. समोर पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी रचना काढत गेले, खोडत गेले. इथं जोडला तर वजन जुळतं, पण मग ऑक्सिजन कुठं ठेवायचा. तिथं जोडला तर सगळं जुळतं. मॅडम प्राणिशास्त्राच्या, पण त्या दिवशी त्यांनी मला असे प्रश्न विचारले की माझी एम.एस्सी. पुन्हा झाली.

तो बुटका रेणू वेगळा काढायला आम्हाला आणखी वर्षभर लागलं. त्यासाठी पुन्हा दोनदा कारवारला गेलो. त्या मासळीवालीनं आमच्यासाठी नारिंगी गोळे वेगळे काढून ओल्या गोणपाटाखाली ठेवले होते. शेवटी काचेच्या बारीक कुपीत जे जमलं ते मिठाच्या चार-पाच कणांएवढं होतं. अणूंची मांडणी दाखवणाऱ्या चुंबकीय यंत्रावर त्याची तपासणी झाली, आणि एकेका अणूची खूण आमच्या चित्राशी जुळत गेली. माझ्या लग्नपत्रिकेवरच्या चित्रात एक जोड चुकला होता. बाकी सगळं बरोबर होतं.

हा रेणू जुन्या भावंडाएवढा जालीम नाही. कॅन्सरच्या पेशी तो हळू मारतो, पण निरोगी पेशींना त्याच मात्रेत पुष्कळ कमी त्रास देतो. तो बहुधा स्पंज स्वतः बनवतच नाही, त्याच्या आत राहणारे जिवाणू बनवत असावेत. ते आम्ही आता तपासतोय. त्याचं कधी औषध होईल का, मला माहीत नाही. बहुधा होणार नाही. आमचा निबंध छापून आला तेव्हा मी फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकला नाही. प्रत काढून अण्णाला नेऊन दिली. तो आता परत बेलूरला जातो, निम्म्या पाळीला, बसून करायच्या कामावर. त्यानं रचनेचं चित्र शेवटपर्यंत निरखलं आणि सगळं समजल्यासारखा गंभीर चेहरा केला, म्हणून वहिनींना हसू आलं.

मॅडम मे महिन्यात निवृत्त झाल्या. समारंभाच्या दिवशी सगळे हारतुरे घेऊन हॉलमध्ये थांबले होते, आणि त्या प्रयोगशाळेतच होत्या. मी बोलवायला गेले तर हातमोजे घालून एका काचेच्या थाळीकडे बघत होत्या. स्पंजाच्या तुकड्यातून त्यावर जिवाणूंचे गोल ठिपके उगवले होते. त्यांतला एक फिकट नारिंगी होता. मॅडमनी मला जवळ बोलावलं, थाळी उजेडात धरली, आणि आम्ही दोघी हॉलमधल्या लोकांना विसरून तो ठिपका बघत उभ्या राहिलो.